दुसऱ्यांच्या लग्नातला बँजो

कडाव नाक्यावर दूध डेअरीच्या माडीवर हर्षला म्हसेचं ब्युटी पार्लर आहे. जिना अरुंद, वर पत्रा, खुर्च्या दोनच. पण लग्नसराईत त्या खुर्च्या कधी थंड पडत नाहीत. आसपासच्या गावांतली नवरी हर्षलाच्या हाताखालून गेल्याशिवाय बोहल्यावर चढत नाही, असं लोक म्हणतात, आणि हर्षला ते खोडून काढत नाही. कौतुक खोटं असलं तर लाजावं, खरं असलं तर सांगणाऱ्याला चहा पाजावा, असं तिचं मत.

लग्नानंतर तिने बदलापूरला जाऊन पार्लरचा कोर्स करायचं ठरवलं, तेव्हा सासू म्हणाली होती, "म्हशी धुवायच्या सोडून आता बायकांची तोंडं धुवायला जाणार व्हय गं?"

"म्हशीपण धुईन आन् तोंडंपण धुईन," हर्षला म्हणाली. "पाणी आपल्याच विहिरीचं हाय."

आणि तिने दोन्ही केलं. पहाटे गोठा, मग बदलापूर, संध्याकाळी परत गोठा. नवरा विकास टेंपो चालवायचा. त्याने पहिला आरसा टेंपोत गोधड्यांमध्ये गुंडाळून आणला आणि जिन्यावरून चढवताना त्याचा एक कोपरा फोडला. तो आरसा अजून तिथेच आहे. फुटक्या कोपऱ्यावर हर्षलाने गणपतीचं स्टिकर लावलं आणि पुढच्या कामाला लागली.

तिचे वडील गजानन घारे, म्हणजे गजा बँजोवाला. वरच्या आळीतली 'नवजीवन बँजो पार्टी' त्यांची. कर्जत-खालापूर भागात हळद असो, वरात असो की गणपतीची मिरवणूक, बँजोशिवाय पाऊल उचलत नाही. टाइपरायटरसारख्या बटणांचा तो बँजो, सोबत ताशा, ढोल, खुळखुळे, आणि टेंपोवर बांधलेला कर्णा. हर्षला पाच-सहा वर्षांची असताना तिची आई गेली. घरी ठेवायला कोणी नाही म्हणून गजा तिला सुपारीच्या गावी बरोबर न्यायचा. इतर मुली आईच्या कुशीत झोपल्या, ही ढोलाच्या खोळीवर. वाजंत्र्यांच्या पंगतीत जेवायची आणि नवरी निघाली की सगळ्यांच्या पुढे जाऊन तिचं तोंड न्याहाळायची. कोणाची पावडर मानेवर संपली आणि कोणाचा अंबाडा एका बाजूला गेला, ते तिला तेव्हापासून दिसतं.

गजाचं वाजवणं आता थांबलं होतं. साखरेचा आजार, हाताला कंप. पार्टी त्याच्या पुतण्याकडे, रूपेशकडे गेली होती. रूपेशने कीबोर्ड आणला, ढोलाऐवजी इलेक्ट्रिक पॅड आणला, टेंपोला रंगीत दिवे लावले. गेल्या वर्षी पौषात तो एक दिवस पार्लरचा जिना चढून आला आणि मोबाईल हर्षलाच्या पुढ्यात धरला. मोबाईलवर बॅनरचं डिझाइन होतं. मधे पार्टीचं नाव, खाली चार फोटो: गजा, कैलासवासी मोरू ताशेवाला, रूपेशचे वडील आणि स्वतः रूपेश गॉगल लावून.

"ताई, हनुमान जयंतीला मोठा कार्यक्रम करतोय मैदानात. पार्टीचा वर्धापन दिन."

"कितवा?"

"तेच तर. काका सांगत नाय. तू विचार की."

हर्षला त्याच संध्याकाळी माहेरी गेली. गजा ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसला होता.

"बाबा, पार्टी कुठल्या साली काढली तुमी?"

"साल काय ठेवलंय ध्यानात? मोरूच्या लग्नाच्या आदल्या वर्षी."

"मोरूकाकाचं लग्न कधी झालं?"

"आपली कपिला गाय घेतली त्या सालात."

"आन् गाय कधी घेतली?"

"मोरूच्या लग्नात पैसे मिळाले, त्यातनंच घेतली की!"

दुसऱ्या दिवशी विचारलं तर त्याने वेगळंच सांगितलं. पार्टी म्हणे आधी पलीकडच्या गावच्या माणसाची होती. तिसऱ्या दिवशी त्याच्या सांगण्यातून तो माणूसच नाहीसा झाला. वाजवणाऱ्यांच्या हातात वाद्य असतं, पेन नसतो; नवजीवन पार्टीने आपल्याबद्दल कागदाचा एक कपटासुद्धा ठेवला नव्हता.

"सोड ना ताई," रूपेश म्हणाला. "मी एकोणीसशे पंच्याहत्तर टाकतो. पन्नास वर्षं पुरी. कोण बघायला येतंय?"

"मी येतेय बघायला," हर्षला म्हणाली. "खोटं साल टाकायचं नाय. हनुमान जयंतीला वेळ हाय अजून. मी शोधून देते."

कुठे आणि कसं शोधायचं, याची तिला तेव्हा काडीची कल्पना नव्हती. पण हातात घेतलेलं काम होणारच, ही तिची खात्री आधी तयार होते आणि वाट मागून सापडते. इथेही तसंच झालं. त्याच आठवड्यात एक बाई आपल्या लेकीला घेऊन पार्लरमध्ये आली आणि पिशवीतून स्वतःच्या लग्नाचा अल्बम काढून म्हणाली, "हर्षला, माझा अंबाडा कसा होता बघ. पोरीला अगदी तस्साच घालायचा."

हर्षलाने फोटो बघितला. अंबाडा बघितला. मग अंबाड्याच्या मागे, फोटोच्या कडेला, तिला एक हात दिसला. बँजोच्या बटणांवर ठेवलेला, करंगळी वर उचललेला. ती करंगळी गावात एकाच माणसाची. लहानपणी विळ्याने कापलेली, कधी न वाकणारी.

"अगो बाई, हे तर आमचे बाबा!"

तिथे तिला वाट सापडली. पार्टीने आपले फोटो काढले नसतील, पण पार्टी जिथे जिथे वाजली तिथे फोटोवाला होताच. नवजीवन बँजो पार्टीचा इतिहास दुसऱ्यांच्या लग्नांत पडून होता, घराघरांतल्या पेट्यांमध्ये, साड्यांच्या घडीखाली. आणि पंचक्रोशीतल्या प्रत्येक घराच्या पेटीपर्यंत जाऊ शकेल अशी बाई एकच होती.

माघ महिनाभर हर्षलाने दुसरं काही केलं नाही, असं विकास म्हणतो. ते खरं नाही. पार्लर चालूच होतं. पण मेहंदीला गेली की आधी नवरीच्या आईचा अल्बम मागायची, मग आजीचा. बायका ट्रंका उघडायच्या. अल्बम बाहेर आला की गोष्टीही बाहेर यायच्या: कोण रुसलं होतं, कोणाच्या मामाने पंगतीत ताट ढकललं होतं. हर्षला सगळं ऐकायची, चहा प्यायची आणि मोबाईलवर फोटोंचे फोटो काढायची. कोणी लग्नपत्रिका जपून ठेवलेली असायची. तिच्या तळाशी बारीक अक्षरांत एखादी ओळ सापडायची: 'वरातीस कडावची प्रसिद्ध नवजीवन बँजो पार्टी हजर राहील.' ती ओळ वाचली की हर्षला एकटीच हसायची.

"तू पार्लर चालवतीस का जनगणना?" विकास विचारायचा.

"तुमी टेंपोत डिझेल टाका. उद्या चौक गावाला जायचंय."

फोटो जमत गेले तसे तिने त्यांच्या प्रती काढून पार्लरच्या भिंतीवर लावल्या. पुष्कळ फोटोंवर तारीख नव्हती. त्याचं तिला काही अडलं नाही. नवरीचा पफ किती उंच, ब्लाउजची बाही कुठवर, टिकली गोल की लांबट, एवढ्यावरून ती सालाचा अंदाज बांधायची आणि मग नवरीलाच विचारून खात्री करून घ्यायची. भिंतीवर डावीकडून उजवीकडे पार्टी म्हातारी होत गेली. गजाचे केस मागे सरकले, बैलगाडी जाऊन टेंपो आला, मोरूकाकाच्या मिशा पांढऱ्या होऊन एके ठिकाणी मोरूकाकाच दिसेनासा झाला. त्या फोटोपाशी हर्षला थोडी थांबली. मोरूकाका तिला पंगतीतली जिलबी रुमालात बांधून आणून द्यायचा.

सगळ्यात जुना फोटो निघाला शकूकाकीकडे. शकूकाकी खालच्या आळीतली, सासूच्या नात्यातली, बोलायला फटकळ. तिच्या लग्नाचा एकच काळा-पांढरा फोटो होता, आणि त्याच्या मागे चिकटवून ठेवलेली पत्रिका: वैशाख, एकोणीसशे एकोणऐंशी.

"बघ तुझा बाप. तवा कसा हडकुळा होता," शकूकाकी म्हणाली. "आन् यांनी माझ्या वरातीत काय केलं ठाऊक हाय? असा ढोल बडवला, असा बडवला, का गाडीचे बैलच उधळले! मी नवा शालू नेसून उन्हाळी भाताच्या चिखलात. नवरा एका बांधावर, मी दुसऱ्या बांधावर. लोक हसतायत, आन् ढोलवाला मेला वाजवतोच हाय!"

हर्षलाने फोटो डोळ्यांजवळ धरला. गजा होता, मोरूकाका होता. ढोलवाल्याचा मात्र नुसता खांदा दिसत होता आणि टिपरू धरलेला हात, मनगटात जाड कडं. बाकीचा माणूस फोटोच्या चौकटीबाहेर राहिला होता.

पार्लरवर येऊन तिने भिंत पुन्हा नीट बघितली. मग तिच्या ध्यानात आलं की तो हात जवळजवळ सगळीकडे आहे. एका फोटोत कोपर, एकीकडे पाठ, एकीकडे कपाळावर पडलेले केस. कडं तेच. वीस वर्षांच्या लग्नांमध्ये तो माणूस होता आणि एकाही फोटोत त्याचा चेहरा नव्हता. फोटोवाल्याचा उजेड नवरीवर, नवरीच्या मागे बँजो, आणि ढोल उजेडाच्या पलीकडे.

तिने गजाला विचारलं. गजाने चष्म्याशिवाय फोटो बघितला आणि एकदा एकाचं नाव सांगितलं, एकदा दुसऱ्याचं. "ढोलाला लई माणसं आली-गेली गं," म्हणाला.

पुढचा धागा रसायनीतून आला. तिथल्या एका कारखान्याच्या कॉलनीत नव्वद साली झालेल्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट तिच्या एका गिऱ्हाइकाच्या जावेकडे होती. कॅसेटला बुरशी धरली होती. मोहोपाड्याच्या एका दुकानदाराने ती पुसून, वाळवून पेनड्राइव्हवर उतरवून दिली. रविवारी दुपारी हर्षलाने ती माहेरच्या टीव्हीला लावली. गजा कॉटवर आडवा होता. रूपेशही आला होता.

चित्र खराबच होतं. व्हिडिओवाल्याने अर्धा वेळ नवरीच्या नथीवर आणि उरलेला अर्धा वेळ आहेराच्या भांड्यांवर घालवला होता. पार्टी एकदाही दिसली नाही. पण ऐकू येत होती. आधी बँजो, मग त्याला खेटून ताशा, आणि मग ढोल. तीन ठोके सरळ, चौथा किंचित मागे ओढलेला, जसा माणूस चढणीवर एक पाऊल टाकून दम घेतो. नंतर पुन्हा तीन.

हर्षलाला टेंपोतला अंधार आठवला, खोळीचा वास आठवला. याच ठेक्यावर ती झोपत आली होती; वाजवणाऱ्याचं तोंड मात्र तिला आठवत नव्हतं.

गजा उठून बसला.

"पोशा," तो म्हणाला.

"कोण पोशा, बाबा?"

"पोशा दरवडा. ठाकूर आदिवासी. घाटातला. ठाकुरवाडी टेशनाच्या वरच्या अंगाला त्यांची वस्ती." दरवेळी वेगळं सांगणारा गजा आता एका दमात बोलत होता. "आमी आधी दोघंच होतो गं, मी आन् मोरू. बँजो म्हंजे डबक्यातला मच्छर, कोणी थांबून ऐकायचं नाय. कर्जतच्या बाजारात पोशाचा ढोल ऐकला. त्याला म्हटलं, येतो का? तो आला आन् माणसं नाचायला लागली. तो मागं ओढलेला ठोका आपल्या पार्टीची वळख होती. लोक तीन गावं लांबून सांगायचे, नवजीवन आली म्हनून."

"मग फोटो दाखवला तेव्हा का नाय सांगितलंत?"

"फोटोत त्याचं तोंड कुटं होतं? आन् आमी वाजवताना एकमेकाला बगत नसतो. ऐकत असतो."

"आता कुठे असतात ते?"

"आमचा निरोप घाटातला एक रेल्वेचा गँगमन न्यायचा. तो रिटायर झाला. मग कीबोर्ड आला, पॅड आला. निरोप राहिलाच." गजाने टीव्हीकडे बघितलं. "असंल. नायतर नसंल."

"असंल तर मी आणते," हर्षला म्हणाली.

विकासने टेंपो घाटाच्या पायथ्याला लावला. तिथून पुढे पायवाट. हर्षलाने पायात शेतातले बूट घातले होते आणि पाठीला बॅग, तरी चढताना दोनदा बसावं लागलं. खाली रूळ दिसत होते, बोगद्यातून बाहेर येणारी मालगाडी मुंगीएवढी. वस्तीवर पोचली तेव्हा अंगणात एक चाळिशीची बाई सुपाने नाचणी पाखडत होती. तिने पाहुण्यांकडे बघितलं, विकासच्या हातातल्या मोबाईलकडे बघितलं आणि सूप खाली न ठेवताच विचारलं, "प्लॉटवाले का?"

"नाय हो."

"मग मोजणीवाले. जागा नाय विकायची आमाला."

"मला जागा नको, बाई. कडावच्या गजा बँजोवाल्याची पोर मी. हर्षला. पोशाबाबांना भेटायचंय."

सूप थांबलं. बाई नीट बघू लागली. "ढोलावर झोपायची ती?"

ती पोशाची मुलगी जना. वडिलांकडून तिने ते ऐकलेलं होतं. तिने हाक मारली आणि घरामागच्या वरकस उतारावरून एक उंच, सडपातळ म्हातारा उतरून आला. हातात ढोलाचं कातडी पान आवळायची दोरी होती आणि मनगटात कडं. हर्षलाने इतके दिवस त्या माणसाचे तुकडे गोळा केले होते. आता तो अख्खा समोर उभा होता.

"गजा बरा हाय?" पोशाने विचारलं.

"बरे आहेत. वाजवत नाहीत आता."

"का?"

"हात थरथरतो. आन् तुमी, पोशाबाबा? तुमी कधी थांबवलंत?"

पोशाला प्रश्नच कळला नाही. "मी कशाला थांबवीन? काल शेजारच्या वाडीला वाजवून आलो. जना वाजवती, तिच्यासोबतच्या बाया वाजवत्यात." मग तो जरा हसला. "तुमीच यायचे थांबलात. निरोप नाय, बोलावणं नाय. मी म्हटलं, कडावात आता कोणाचं लगीनच होत नसंल."

विकास हसला. हर्षलालाही आधी हसू आलं, आणि ते अर्ध्यातच विरलं.

जनाने काळा चहा आणला. हर्षलाने मोबाईलवर रसायनीची वरात लावली. पोशा डोळे मिटून ऐकत राहिला. मधेच म्हणाला, "मोरू घाई करतोय. नेहमीचंच." मग मोरू गेल्याचं हर्षलाने सांगितलं. पोशाने डोळे उघडले नाहीत. वरात संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला.

निघण्याआधी तिने मूळ प्रश्न विचारला. "पार्टी कधी सुरू झाली, काही आठवतं?"

"साल कसं सांगू? पण मी आलो तवा पार्टी नव्हती. गजा आन् मोरू, दोन माणसं. दोन माणसांची पार्टी असती व्हय? मी आलो, मग कर्णा भाड्यानं घेतला, नाव ठेवलं. पयली वरात कडावातच. मी लई जोरात वाजवला. पयलाच दिवस ना. बैल उधळले आन् नवरी चिखलात!"

हर्षला हातातला कप ठेवून उभीच राहिली. "नवरी कोण, आठवतं?"

"नाव नाय ठाऊक. पण शिव्या लई येत होत्या तिला."

वैशाख, एकोणीसशे एकोणऐंशी. शकूकाकीच्या पत्रिकेवरची तारीख, चिखलातला शालू, फोटोतलं कडं आणि आता हे. हर्षला डोंगर उतरताना इतकी भराभर उतरली की विकास मागे राहिला. माहेरी जाऊन तिने गजाला विचारलं, तेव्हा त्याने मान हलवली. "व्हय. शकूचीच वरात. त्याच्या आधीचा तो नुसता पोरखेळ होता."

आता साल होतं, नावं होती. हर्षलाने रूपेशला बोलावून सांगितलं, बॅनरवर लिही: संस्थापक गजानन घारे, मोरू ताशेवाला, पोशा दरवडा.

रूपेश घुटमळला. "ताई, मालक काकाच ना? पोशा रोजावर यायचा. रोजावरच्या माणसाला संस्थापक कसं म्हणायचं?"

"रोज तर बाबापण घ्यायचे. फुकट कोण वाजवत होतं?"

"तसं नाय गं. पण लोक काय म्हणतील, एका ठाकराला..."

तो थांबला. पार्लरमध्ये ड्रायर चालू होता. हर्षलाने तो बंद केला.

"वाक्य पुरं कर."

रूपेशने भिंतीवरच्या फोटोंकडे बघितलं, मग जिन्याकडे. मनाने तो वाईट नव्हता. लोक काय म्हणतील याचा विचार त्याने केला होता, आपण काय म्हणतोय याचा केला नव्हता. मग खालच्या आवाजात म्हणाला, "फोटो कुठला टाकू त्यांचा? एकातपण तोंड नाय."

हर्षलाने जनाला फोन लावला. जना एका ठरावीक दगडावर उभी राहिली की तिला रेंज यायची, म्हणून दोनदा कट झाला. तिसऱ्यांदा पोशाच बोलला. "आत्ताचा काढ. तवाचा पोशा कोणाच्या वळखीचा हाय?"

हनुमान जयंतीला मैदान भरलं. बॅनरवर गजा तरुण होता, मोरू मधल्या वयाचा आणि पोशा सत्तरीकडे झुकलेला, पण चेहरा पुरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. जना आणि तिच्यासोबतच्या बाया वाडीवरून ढोल घेऊन विकासच्या टेंपोतून आल्या. शकूकाकी सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसली होती. पोशा मांडवात शिरताच ती उठली आणि लाऊडस्पीकर लागायच्या आत तिचा आवाज मैदानभर गेला, "ये मेल्या! माझा शालू दे आधी!"

"तुमी चिखलात पडलात म्हनून तर आमचं नाव झालं, काकी," पोशा म्हणाला. "दुसऱ्या दिवशीच तीन सुपाऱ्या आल्या."

लोक हसत असतानाच गजाला बँजोपाशी आणून बसवलं. पोशाने ढोल खांद्याला अडकवला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. तीन ठोके, आणि चौथा मागे. गजाची बोटं बटणांवर उतरली. पहिलं गाणं जमलं. दुसऱ्यात उजवा हात थरथरू लागला, सूर घसरला. पोशा त्याच्यासाठी हळू झाला नाही. तो कधीच कोणासाठी हळू झाला नव्हता. गजाने शांतपणे तारा छेडायची पट्टी खाली ठेवली, मान मागे टेकली आणि ऐकत बसला. बँजोची जागा रूपेशच्या कीबोर्डने घेतली. त्याला तो चौथा ठोका पकडता येईना. तो पुढे जायचा, ढोल मागे राहायचा, जना खोखो हसायची. मैदान मात्र नाचत होतं.

दोन दिवसांनी रूपेश एकटाच डोंगर चढून गेला. पॅड त्याने घरी ठेवला होता. आठवडाभर रोज जाऊन तो शिकत राहिला. जमलं का, असं विचारलं तर पोशा म्हणतो, "येतंय. अजून घाई करतो. मोरूची जात."

यंदाच्या सराईत नवजीवन पार्टीच्या टेंपोत कीबोर्डच्या जोडीला ढोल असतो. कधी पोशा येतो, पण बहुतेक वेळा जना आणि तिच्या बाया. बाया ढोल वाजवतायत म्हणून लोक आधी बघायला जमतात, मग ऐकायला थांबतात. हर्षलाने सगळे फोटो, पत्रिका आणि रसायनीची वरात एकत्र करून शाळेच्या वाचनालयाला एक प्रत दिली. आता चौकच्या एका भजनी मंडळाने तिला विचारलंय, आमचंपण शोधून द्याल का? तिने मंडळाकडे आधी जुन्या गायकांच्या बायकांचे पत्ते मागितले.

फाल्गुनात एका मोठ्या घरच्या हळदीची तारीख आली तेव्हा रूपेशने जनाला फोन केला. "त्या दिवशी नाय जमणार," जना म्हणाली. "आमच्याच वाडीत लगीन हाय. तुमी या. बँजो घेऊन या."

रूपेशने हळदवाल्यांना दुसरी पार्टी गाठून दिली. सगळी मंडळी वाडीवर गेली, गजालासुद्धा आळीपाळीने आधार देत चढवला. हर्षलाने मेकअपची पेटी बरोबर घेतली होती. नवरी जनाची भाची, विशीतली, काळीसावळी, तरतरीत. हर्षलाने पेटी उघडून फाउंडेशनची बाटली काढली, तशी तिने हात आडवा धरला.

"ते नको. माझा रंग मला पुरे हाय. केस तेवढे बांधून दे. घट्ट बांध, मला नाचायचंय."

हर्षलाने तिच्याकडे बघितलं आणि बाटली पेटीत परत ठेवली. "अशी पोरगी लाखात एक," ती म्हणाली आणि फणी हातात घेऊन तिच्या मागे बसली. बाहेर शेकोटीपाशी ढोल तापवायला आणले होते.